चर्चासत्रातला आहेर

डोंबिवली, ११ नोव्हेंबर

ताई,

हे पत्र मी गणपतीपासून लिहितोय. तेव्हा कागद आणलेला, त्यावर आईने वाणसामान लिहून टाकलं. नवरात्रात वही आणली, ती टेम्पोत राहिली. दिवाळीत ठरवूनच बसलो, पण 'प्रिय ताई' लिहू की नुसतं 'ताई', यावर अडलो. तेवढ्यात खाली कोणीतरी सुतळी बॉम्ब लावला, तो बघायला गेलो आणि जेवायलाच घरी आलो. तुला माहितीये मी कसा आहे. पण बॉम्ब हे निमित्त झालं. मला भीती वाटत होती. तू पत्र फेकशील याची कमी, वाचशील याची जास्त.

पत्ता रोवेनाने दिला. तुझी मैत्रीण अजून तशीच आहे, आधी शिव्या देते आणि मग चहा पाजते. बोलली, "फोन करू नको, ती नंबर बदलून बसलीय. पत्र टाक. पत्र माणूस फाडायच्या आधी एकदा तरी वाचतो." म्हैसूरला तू शाळेत शिकवतेस हे पण तिनेच सांगितलं. कुठला विषय ते तिला माहीत नव्हतं. भूगोल असेल तर बिचारी पोरं.

सध्या मी देवराममामाकडे साऊंडला आहे. हस. डिलिव्हरी सोडली, कारण लोक लिफ्ट असून मला जिन्याने पाठवायचे. जिमच्या रिसेप्शनला होतो, तिथे दिवसभर आरशात स्वतःलाच बघायला लागायचं. साऊंडचं बरं आहे. हळदीला जातो, पूजेला जातो, शाळेच्या गॅदरिंगला जातो, आणि कुठेच कोणाचा पाहुणा नसतो. त्यामुळे मजा बघता येते.

तर गेल्या आठवड्यात मामाने मला मानपाड्याच्या बाजूच्या एका कॉलेजात पाठवलं. "माईक चार, पोडियम एक, जा," एवढंच बोलला. तिथे जाऊन बघतो तर बॅनर: राष्ट्रीय चर्चासत्र. ताई, माझे पाय गेटवरच थांबले. तुझ्या त्या दिवसानंतर असल्या बॅनरखालून मी गेलेलो नाही. पण वायरचं भेंडोळं खांद्यावर होतं आणि वॉचमन बोलला, "चल चल, मागून गाडी येतेय." गेलो.

सगळं तसंच. समई पेटेना म्हणून पंखे बंद. पंखे बंद म्हणून लोक घामाघूम. प्रमुख पाहुणे कल्याण फाट्याला अडकलेले, म्हणून समई पण थांबलेली. मग ते आल्यावर शाल, श्रीफळ, परिचय. परिचयात ते कुठल्या साली कुठल्या समितीवर होते ते सगळं. आणि शेवटच्या रांगेत पोरंपोरी पेन ड्राइव्ह मुठीत धरून बसलेली, परीक्षेला बसल्यासारखी. दुपारी त्यांना सांगितलं, "वेळेअभावी थोडक्यात आटपा." मी माईकचं बटण धरून बसलेलो. वेळ कोणी खाल्ला ते मी सकाळपासून बघत होतो ना.

संध्याकाळी वायर गुंडाळत होतो तेव्हा तिथल्या भावना मॅडम स्टेजच्या पायरीवर येऊन बसल्या. सगळं चर्चासत्र त्यांनीच भरवलेलं. पन्नाशीच्या असतील, चपला काढून पाय चोळत होत्या. मांडीवर अभिप्रायाच्या फॉर्मांचा गठ्ठा.

"काय रे, कसा वाटला कार्यक्रम?"

"माईक ठीक होता ना मॅडम?"

"माईकचं नाही विचारत मी."

"खरं बोलू?"

त्यांनी गठ्ठ्यावर हात आपटला. "छान, उत्तम, जेवण रुचकर. एकानेही दुसरं काही लिहिलेलं नाही. अरे, मला स्वतःला अर्ध्या वेळेला झोप येत होती! तू बोल."

मी बोललो, "आमच्यात बाराव्याला पण लोक याच्यापेक्षा जास्त बोलतात एकमेकांशी."

मला वाटलं आता मामाचं बिल अडकलं. पण बाई एवढ्या हसल्या की शिपाई बघायला आला. मग बोलल्या, फेब्रुवारीत अजून एक भरवायचंय, तुझी मदत हवी. मी सांगितलं, मी बारावी, ती पण ढकलत ढकलत. तर बोलल्या, "म्हणूनच. तुला कुणी सर्टिफिकेट देणार नाहीये, तेव्हा तू खोटं कशाला बोलशील?"

तुला हे का सांगतोय ते मला पण नीट माहीत नाही. दुसऱ्या कोणाला सांगितलं तर कळणार नाही म्हणून.

तुझा,
पप्या
(प्रफुल्ल लिहिलं असतं तर तुला वाटलं असतं बँकेतून आलंय.)


कल्याण, ३ डिसेंबर

ताई,

पोस्टकार्ड मिळालं. 'आईचा गुडघा कसा आहे?' एवढी एकच ओळ, पण तुझ्या अक्षरातली. मी ते टेम्पोत समोर लावलंय, गणपतीच्या स्टिकरखाली. मामा बोलला, "कुनाचं रं?" मी बोललो, सरकारी आहे.

आईचा गुडघा बरा आहे. म्हणजे जिना चढताना दुखतो, हळदीत नाचताना दुखत नाही. डॉक्टरला पण हे कळलेलं नाही.

बाबाचं तू विचारलं नाहीस, म्हणून मी सांगत नाही. फक्त एवढंच की ठीक आहे. केस बरेच पांढरे झालेत. बस, झालं सांगून.

आता माझं काम ऐक. मॅडमनी मला फिरायला लावलंय, आणि फिरायचं म्हटल्यावर मी काय, निघालोच. साऊंडच्या निमित्ताने ठाण्यात, कल्याणात जिथे चर्चासत्र असेल तिथे जायचं आणि चहाच्या वेळेला लोकांना विचारायचं, कसं वाटतंय? फॉर्मवर नाही. चहाच्या टेबलाशी. कपात चहा असला की माणूस खरं बोलतो, आणि कप संपला की 'छान, छान' करत निघून जातो. म्हणून मी कप भरायचं काम पण स्वतःकडे घेतलंय.

परवा इथे कल्याणात मंजुळा भेटली. परभणीची. रात्रभर प्रवास करून आलेली, पेपर वाचायला. विषय: कापूस वेचणाऱ्या बायकांची दुखणी. तिच्या खोलीत माणसं किती, तर अध्यक्ष, पुढचा नंबर असलेला एक मुलगा, आणि माईकवाला मी. तो मुलगा स्वतःच्या कागदावर खुणा करत होता. अध्यक्ष सर्टिफिकेटवर सह्या करत होते. ती वाचत होती आणि सह्यांचा आवाज येत होता. सर्र, सर्र.

जेवायला बघतो तर जिन्याखाली उभी, एकटी, हातात ताट.

"बसा ना, तिकडे टेबल आहे," मी बोललो.

"सगळ्यांचे आपापले ग्रुप आहेत, दादा. मी कुठं बसू?"

मी पण माझं ताट घेऊन तिथेच पायरीवर बसलो. थोड्या वेळाने ती बोलली, "आरशासमोर महिनाभर वाचून बघितला मी हा पेपर. कुणी एक प्रश्न विचारला असता ना, तर सगळा शीण गेला असता." आणि मग माझ्याकडे बघून, हसत, पण खरंच विचारत होती, "तुम्हाला काही विचारायचंय का?"

ताई, मी जन्मात कापसाचं शेत बघितलेलं नाही. पण तिने वाचताना बोटं चिरतात असं काहीतरी सांगितलेलं, ते माझ्या कानात राहिलेलं. मी विचारलं, "मग बोटांना काय बांधतात?" बाई गं, तिचा चेहरा काय फुलला! जुन्या लुगड्याच्या चिंध्या कशा फाडतात, कुठल्या बोटाला बांधतात, कुठल्या मोकळ्या ठेवतात, का ठेवतात. ताटातल्या पुऱ्या गार होऊन चामडं झाल्या तरी ती सांगतच होती. जाताना बोलली, "आता परभणीला सांगीन, मुंबईकडं लोक चांगले प्रश्न विचारतात." मुंबईकडचे लोक म्हणजे मी एकटा.

ते मॅडमना सांगितलं तर त्या बराच वेळ पेनाचं टोपण लावत-काढत बसल्या. मग बोलल्या, "प्रफुल्ल, तू या सगळ्याकडे एवढं मनावर घेऊन का बघतोस?"

तेव्हा मी तुझा दिवस सांगितला. तुझं नाव नाही घेतलं. 'एक मुलगी' बोललो.

सांगितलं की ठाण्याच्या एका कॉलेजात एका मुलीचा पहिला पेपर होता, मिठागरांवर. तिचा बाप लहानपणी मिठागरात राबलेला, अर्धा पेपर तर त्याच्याच तोंडचा होता. बापाने टेम्पो केला. काका, आत्या, चुलते, सगळी भावकी कडक इस्त्रीत, लग्नाला निघाल्यासारखी. साडेअकराचा पेपर सत्कारांपायी पाच वाजता तिसऱ्या मजल्यावर गेला. हे लोक दिवसभर उपाशी बसून राहिले, कारण कूपन कुठे मिळतं ते त्यांना कोणी सांगितलंच नाही. आणि ती उभी राहिली तेव्हा बाप उठला, अध्यक्षांसमोर गेला, आणि टॉवेल, टोपी, नारळ आणि पाकीट त्यांच्या हातात ठेवून पाया पडला. आमच्यात पोरीच्या कार्यात मानाच्या माणसाला आहेर देतातच. न देणं म्हणजे अपमान. सकाळपासून खाली पण सगळे एकमेकांना शाल-नारळ देतच होते, त्याला वाटलं इथली पण तीच रीत. खोली हसली. अध्यक्ष पण हसले आणि आहेर बाजूला ठेवला. ती दुसऱ्या पानावर होती आणि घंटी वाजली. "वेळेअभावी इथेच थांबा."

तेव्हा बाप उभा राहिला आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं बोलला, "पाकीट घेतलंत ना सायेब? मंग आयका की आता माझे पोरीचा!"

मॅडमनी डोळे मिटून घेतले.

मी सांगितलं, त्यानंतर जिन्यात 'पाकिटावाली' असं कोणीतरी बोललं ते त्या मुलीने ऐकलं. खाली टेम्पोजवळ ती बापाला बोलली की माझ्या कुठल्याच कार्यक्रमाला परत पाऊल टाकू नको. आणि मग तिने कार्यक्रमच सोडले, पीएच.डी. सोडली, गाव सोडलं.

मॅडमनी विचारलं, "पाकीट परत केलं त्यांनी?"

"केलं. शिपायाच्या हातून. नारळ ठेवून घेतला."

त्या हसल्या नाहीत. बोलल्या, "चूक आमची होती. आलेल्या माणसाला आपली रीत सांगायची असते. ती आम्ही कधीच सांगत नाही, आणि वर त्याला हसतो." मग विचारलं, "ती मुलगी आता काय करते?"

मी बोललो, शिकवते. कुठेतरी लांब.

पप्या


वर्तकनगर, २८ डिसेंबर

ताई,

तुझं पत्र वाचलं. 'माझ्या नावावर समाजसेवा करू नकोस' हे पण वाचलं, 'ती माझी गोष्ट होती, तुला वाटायला दिलेली नव्हती' हे पण. बरोबर आहे. दोन दिवस मी काही लिहिलं नाही. तिसऱ्या दिवशी लिहिलं ते फाडलं. हे चौथ्या दिवशीचं.

तू पान भरून रागावलीस, ताई. एवढं मोठं तू किती दिवसांनी बोललीस माझ्याशी. मी रागासकट सगळं ठेवून घेतलंय.

आज मी वर्तकनगरला धाकूशेठकडे आलेलो. त्यांच्या बिल्डिंगखालच्या चहावाल्याकडे बसून हे लिहितोय, म्हणून कागदाला बटर लागलंय. धाकूशेठ म्हणजे भावना मॅडमच्या कॉलेजचे ट्रस्टी. आपल्यातलेच, गळ्यात साखळी, बोटांत अंगठ्या, जमीन गेली आणि टॉवर आले. मॅडमचं सगळं ठरलेलं: समई लोक यायच्या आधीच लावून ठेवायची, भाषणं नाहीत, सत्कार जेवणानंतर दोन मिनिटांत. एकच अडचण, शेठचा सत्कार दर वर्षी सकाळी पहिला असतो. त्यांना सांगणार कोण? प्राचार्य बोलले मॅडम सांगतील, मॅडम बोलल्या प्राचार्य सांगतील. शेवटी मला पाठवलं.

शेठ झोपाळ्यावर बसलेले. बघितल्या बघितल्या, "काय रं, तू आमचा सत्कार कापतंस म्हनं?"

"कापत नाय शेठ, हलवतोय."

"हलवून कुठं ठेवतंस? कचऱ्यान?"

काय बोलायचं ते पाठ करून आलेलो ते सगळं गेलं. तोंडाला आलं ते बोललो, "शेठ, तुमच्या पोरीच्या हळदीला पयली हळद कोनाला लावली?"

"देवाला."

"मंग?"

"मंग नवरीला. आनि कोनाला?"

"पाव्हन्यांना आधी लावली आनि नवरी कोपऱ्यात बसवून ठेवली, आनि शेवटी बोललो बाय गं, हळद संपली, वेळेअभावी तुला थोडीशी, तर?"

शेठचा झोपाळा थांबला. "असा कोन करतो?"

"आपन करतो. दर वर्षी. ती पोरां पेपर वाचायला येतान ना, ती नवरी हायत. देव म्हंजे समई, ती आम्ही आधीच लावतो. पाव्हने म्हंजे तुम्ही."

आधी मला वाटलं उठून मारतात. मग त्यांचं पोट हलायला लागलं, मग झोपाळा, मग आतून शेठाणी आल्या, काय झालं बघायला. "आयकलंस? मना कोपऱ्यान बसवतंय पोरगा!" पण मानले. वर बोलले, "मंग मी काय करू तितं? नुसता बसू?"

इथेच मी त्यांना पकडलं. आम्ही एक नवीन काढलंय, मंजुळावरून सुचलेलं. प्रत्येक पेपरला एक ऐकणारा. त्याने पेपर आधी घरी वाचायचा, पेपरवाल्याला सकाळी गेटवर भेटायचं, जेवताना शेजारी बसायचं, आणि पेपर झाला की पहिला प्रश्न त्यानेच विचारायचा. आपल्या हळदीत नाही का, लांबून आलेल्या पाव्हण्यावर घरातला एक माणूस सोडलेला असतो, त्याने जेवलास का, झोपायला कुठे, सगळं बघायचं. तेच. शेठना मी खाडीतल्या मासळीवरचा पेपर दिला. त्यांनी चष्मा लावून तिथल्या तिथे पहिलं पान वाचलं आणि बोलले, "यान निवटी नाय. निवटी कशी इसरला हा?" मी बोललो, हाच प्रश्न.

तिसरा मजला पण बंद केलाय. सगळं तळमजल्यावर, मोठ्या खिडक्यांच्या हॉलमध्ये. एका वेळी एकच पेपर. कमी लोकांना बोलवू, पण बोलू देऊ, असं मॅडम बोलतात.

आता जे लिहायचंय ते लिहितो. मी तुझ्या नावावर काही करत नाहीये. पण जागा आहे, ताई. अख्खी वीस मिनिटं. मॅडमना अजून माहीत नाही की 'ती मुलगी' म्हणजे कोण. त्या फक्त परत परत विचारतात, तिचा पेपर कोणी पूर्ण ऐकला का रे? मी काय सांगू?

'नाही' लिहायचं असेल तर तेवढंच लिही, मी परत विचारणार नाही. (एकदा विचारेन.)

पप्या


मानपाडा, १९ जानेवारी

ताई,

पाकीट जाड होतं तेव्हाच कळलं. तिकिटं लावायला तू कंजूष, जाड पाकीट उगाच पाठवणार नाहीस.

पेपर मी वाचला. सगळा. एका जागी बसून, मध्ये एकदाच उठलो, आणि ते पण खिडकीत मांजर पडलं म्हणून. मला वाटलेलं कळणार नाही. कळला. मध्ये मध्ये बाबाचं बोलणं तू जसंच्या तसं ठेवलंयस, तिथे मला त्याचा आवाज ऐकू येत होता, आणि तो तर बाजूच्याच खोलीत बातम्या बघत होता. मी टीव्ही मोठा करायला सांगितला.

तुझी अट वाचली. 'बाबा तिथे येणार नसेल तरच.' मी मॅडमना तुझं नाव सांगितलं, अट नाही सांगितली. ती आपल्या दोघांतली. शब्द देतो: मी त्याला बोलवणार नाही, कळू पण देणार नाही.

सोय पण झालीय. आठ फेब्रुवारीलाच उरणला भगवानकाकाच्या पोराचं लग्न आहे. आदल्या दिवशी हळद. बाबाशिवाय भगवानकाकाची हळद होतच नाही, मांडवात पहिली हाळी बाबाची. तो शुक्रवारीच निघेल. मी साऊंडचं निमित्त सांगून मागे राहीन. देवराममामाला सामील केलंय.

तरी एकदा चाचपून बघितलं, चुकूनमाकून कानावर गेलंय का. जेवताना बोललो, कॉलेजात फेब्रुवारीत मोठं चर्चासत्र आहे, साऊंड आपलंच. आई एकदम ताटात बघायला लागली. बाबा बोलला, "कर की. मना कशाला सांगतंस? मी त्या कालेजांचे वाटंला जानार नाय." आणि भात न घेता उठला. म्हणजे काळजी नाही.

तू खूश असशील आता. मी पण आहे. म्हणजे असायला पाहिजे.

तुला एक सांगू? अट तुझी बरोबर आहे, मी मोडणार नाही. पण त्याला अजून कळलेलं नाही, त्याने काय चुकीचं केलं. त्याला वाटतं आहेर कमी पडला. मागे एकदा भगवानकाकाला सांगत होता, शाल नेली असती तर त्या सायेबाने बोलू दिलं असतं पोरीला. मी बाहेर चपला घालत होतो, ऐकलं. काकाने नुसतं हुं केलं. मी घरात परत गेलो नाही, सरळ खिडकाळीच्या देवळापर्यंत चालत गेलो, तिथे तळ्यावर एक माणूस कासवांना कुरमुरे घालत होता. कासवं कुरमुरे खातात हे मला माहीत नव्हतं.

असो. तुझी ऐकणारी मंजुळा आहे. ती परभणीहून येतेय, तुझा पेपर तिला पाठवलाय. प्रश्न तिने तयार केलाय आणि मला सांगत नाही. बोलते, "दादा, तुम्ही फोडाल."

रोवेनाला सांगून ठेवलंय. शुक्रवारी तू ठाण्याला उतर, तिच्याकडे राहा, शनिवारी सकाळी ती तुला रिक्षाने सोडेल. घरी यायचं की नाही ते तुझं तू बघ. आईला मी काही सांगितलेलं नाही. तरी तिने काल तुझी जुनी उशी उन्हात घातली.

पप्या


शनिवार, ८ फेब्रुवारी, सकाळ
कॉलेजच्या गेटवर

ताई,

हे पत्र मी तुला हातात देणार आहे. तू रिक्षातून उतरलीस की. तोंडाने सांगायला गेलो तर मी भलतंच काहीतरी बोलेन, कबुतरांबद्दल वगैरे, तू ओळखतेस. म्हणून गेटवर खुर्ची घेऊन लिहितोय. आत जायच्या आधी वाच. इथेच, उभ्या उभ्या. मंजुळा तुला घ्यायला येईल, तिला सांग एक मिनिट.

आधी चांगलं सांगतो. समई लागलीय, पंखे चालू आहेत. पाटीवर चर्चासत्राचं नाव बारीक आणि पेपर वाचणाऱ्यांची नावं मोठी आहेत, त्यात तुझं पण. गेटवर आलेल्या प्रत्येकाला मॅडम स्वतः सांगतायत, जेवण कुठे, पाणी कुठे, कोण कधी बोलणार, शाल-नारळ कोणी कोणाला द्यायचं नाहीये. नागपूरचा एक मुलगा शाल घेऊन आलेला, अध्यक्षांना द्यायला. त्याने हुश्श केलं आणि तीच पांघरून बसलाय. शेठ कधीचे आलेत, मासळीवाल्या पोराला शेजारी बसवून चिखलातली निवटी कशी पकडतात ते हात करून दाखवतायत. पोराला अजून चहा घेऊ दिलेला नाही.

काल तू ठाण्याला उतरलीस तेव्हा रोवेनाने मला फोन केलेला. बोलली, तू आल्या आल्या खिडकीत उभी राहून पेपर मोठ्याने वाचायला लागलीस, आणि दर वेळी त्याच पानावर थांबलीस. दुसऱ्या. मी समजलो. आज ते पान उलटायचं, ताई. कोणी घंटी वाजवणार नाही, घंटीच आणलेली नाही.

आता दुसरं.

मी शब्द पाळला. आईची शपथ. मी सांगितलं नाही, मामाने सांगितलं नाही. रोवेनाला विचारलं, तिने मलाच शिव्या घातल्या. त्याला कसं कळलं ते मला माहीत नाही. कदाचित आईने ओळखलं असेल, कदाचित पाटीवरचं नाव कोणीतरी वाचून उरणला फोन केला असेल. पाटी परवापासून लागलीय आणि आपल्या लोकांच्या तोंडाला कुलूप कुठे.

मी वायर ओढत बाहेर आलो तर गेटसमोरच्या टपरीशी एकटाच उभा. ना भावकी, ना टेम्पो. पहाटे उरणहून कोणाच्या तरी बाईकवर बसून निघालाय. कालची हळद अजून कानाच्या मागे आणि सदऱ्याच्या कॉलरला. दोन्ही हात मोकळे, ते कुठे ठेवायचे ते त्याला कळत नव्हतं.

मी बोललो, "बाबा, तू हितं कसा? लगीन हाय ना आज?"

"लगीन काय, माझ्याबिगर पन लागंल."

"तिने सांगितलंय, तू यायचं नाय."

"माहीत हाय मना. तिनं मनाच सांगितलंलं. मी आत येत नाय." मग खिडक्यांकडे बघून, "हितं भायेर बसलू तर चालंल का? तिला इचार. नाय बोलली तर जातू. तिला दिसनार पन नाय."

मॅडम मागेच होत्या, त्यांनी ऐकलं. त्या त्याला आत या बोलल्या नाहीत, जा पण बोलल्या नाहीत. खुर्ची मागवली आणि मला बोलल्या, हे तिचं तिला ठरवू दे.

तर आता तुझ्यावर आहे. तू नाही बोललीस तर मी त्याला सोडून येईन, तुझी वीस मिनिटं सुरू व्हायच्या आत परत येईन, आणि कोणीच तुला काही बोलणार नाही. मी तर नाहीच. अट तुझी होती आणि तू तिच्याच भरवशावर एवढ्या लांबून आलीस.

खुर्ची दिली तरी तो बसत नाहीये. त्या टपरीशीच उभा आहे, टपरीवाल्याने चहा दिला तो हातातच गार झालाय. मगाशी मी विचारलं, तुला आत काय चाललंय ते कळणार तरी आहे का, एवढा आलास तो. तर माझ्याकडे न बघता बोलला,

"मागचे टायमाला तिचा शेवट आयकायचा रायला."

बाबा आलाय, ताई.